दगडातला पाहुणा

समर्थ रामदास आणि शिवाजीमहाराज यांची दगडातल्या बेडकीची गोष्ट लहानपणी ऐकली नाही असा मराठी माणूस विरळाच. गडाचे बांधकाम चालू असते. इतक्या माणसांचे पोट आपण भरतो, असा विचार महाराजांच्या मनाला क्षणभर शिवून जातो. आणि समर्थ शेजारचा एक धोंडा फोडायला सांगतात. धोंडा फुटतो. आत पाण्याचा ओलावा, आणि त्या ओलाव्यात जिवंत बेडकी! ही गोष्ट इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरते, हा वाद मी येथे काढणार नाही. ऐन दिवाळीत फराळाच्या ताटासमोर असले वाद काढू नयेत, एवढे तारतम्य इतिहासाच्या वाचनाने मला दिले आहे.

या गोष्टीची आठवण होण्याचे कारण निराळे. गेली काही वर्षे मी एका विचित्र विषयाची जुनी-नवी पुस्तके चाळतो आहे. माणसाने समुद्र घरात कसा आणला, हा तो विषय. या इतिहासात दगडांना मोठे मानाचे स्थान आहे, आणि गंमत अशी की, हे दगड फोडावे लागत नाहीत. समुद्रातला दगड काचेच्या टाकीत ठेवावा, दिवा मालवावा, आणि थोडा धीर धरावा. त्याच्या पोटातून दोन नांग्या आणि आठ पाय आपोआप बाहेर येतात. खेकडा! यजमानाने त्याला बोलावलेले नसते, दुकानदाराने त्याचे पैसे लावलेले नसतात. आगगाडीतल्या बिनतिकिटाच्या प्रवाशासारखा तो दगडात दडून आलेला असतो. या पाहुण्याचे करायचे काय, हा प्रश्न घरातल्या समुद्राइतकाच जुना आहे, आणि वाटतो तितका क्षुल्लक नाही.

समुद्र घरात आला तो इंग्लंडात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. त्याआधी बशीत सोनेरी मासे ठेवण्याचा शौक चीनपासून युरोपपर्यंत होताच. पण ते गोडे पाणी. खाऱ्या पाण्यातला जीव किनाऱ्यापासून चार कोस दूर नेला की दोन दिवसांत मरायचा आणि पाण्याला घाण सुटायची. ही कोंडी फुटायला दोन-तीन गोष्टी एकत्र याव्या लागल्या. नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या लंडनमधल्या एका डॉक्टरला १८२९ मध्ये असे आढळले की, बंद बाटलीतल्या ओल्या मातीत नेचे आपोआप उगवते आणि कोणी पाणी न घालता जगते. त्यातून काचेच्या बंद पेट्यांची कल्पना निघाली. पुढे याच पेट्यांतून चीनमधली चहाची हजारो रोपे हिंदुस्थानात हिमालयाच्या पायथ्याशी आली. दुसरी गोष्ट सरकारी. इंग्लंडात काचेवर जबर कर होता, तो १८४५ मध्ये उठला आणि काच स्वस्त झाली. तिसरी गोष्ट म्हणजे आगगाडी. सकाळी किनाऱ्यावर भरलेली बरणी संध्याकाळी लंडनला पोचू लागली.

आणि चौथी गोष्ट म्हणजे एक बाई. तिचे नाव ॲना थिन. तिचा नवरा वेस्टमिन्स्टर ॲबी या विख्यात मंदिरातला एक वरिष्ठ धर्माधिकारी होता. १८४६ च्या शरद ऋतूत ही बाई डेव्हन परगण्यातल्या टॉर्की गावी समुद्रावर गेली असता खडकांवरची जिवंत पोवळी तिच्या दृष्टीस पडली. आपल्याकडच्या बाईने समुद्रावरून शिंपले आणावेत, तशी तिने ही पोवळी उचलली. पण जिवंत न्यायची म्हणून सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजावर टाचून घेतली आणि बरणीत घालून लंडनला आणली. आता पाणी ताजे कसे राहावे? तिने युक्ती काढली. उघड्या खिडकीशी उभे राहून बरणीतले पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, दुसऱ्यातून पहिल्यात, असे अर्धा-पाऊण तास ओतत राहायचे. आपण दूध निवतो तसे! हे काम घरातली एक छोटी मोलकरीण करी, आणि तिला ते कष्टापेक्षा खेळासारखेच वाटे. त्या पोरीचे नाव इतिहासाने नोंदलेले नाही. लंडनसारख्या शहरात पोवळे जगवण्याचे अर्धे श्रेय मी मनातल्या मनात तिला देऊन टाकले आहे.

पुढच्या वर्षी ॲना थिनने बरणीत समुद्रशेवाळ घातले, आणि पाणी ओतण्याची गरज बरीच कमी झाली. वनस्पती उजेडात प्राणवायू सोडतात आणि प्राण्याला तो हवाच असतो, हे साधे गणित. हेच गणित रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने गोड्या पाण्यात मासे, गोगलगाय आणि पाणवनस्पती एकत्र ठेवून १८५० मध्ये रीतसर मांडले. आणि मग या क्षेत्रात फिलिप हेन्री गॉस अवतरला.

हा मनुष्य मोठा विलक्षण. धर्माने कडवा, स्वभावाने एकांतप्रिय, आणि समुद्रजीवांचा वेडा. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, त्याला माशा-किड्यांचा पुरवठा गॉसने केला. १८५४ मध्ये त्याचे 'दि ॲक्वेरियम' हे पुस्तक निघाले, आणि हा शब्द घरोघर गेला. त्याच वर्षी त्याने घरच्या घरी समुद्राचे पाणी बनवण्याची कृतीही दिली: साधे मीठ ८१ भाग, एप्सम मीठ ७, मॅग्नेशियमचे क्लोराईड १० आणि पोटॅशियमचे २. पण नुसत्या पाण्याने समुद्र होत नाही हे त्याला ठाऊक होते. तो त्या पाण्यात आधी शेवाळ उगवलेले दगड ठेवी, पाणी मुरू देई, आणि मगच त्यात प्राणी सोडी. मुरण म्हणून घरातली बाई दुधाला विरजण लावते, तसा हा दगड म्हणजे समुद्राचे विरजण!

बिनतिकिटाच्या पाहुण्याचा प्रवेश होतो तो येथेच. विरजणाबरोबर काय काय येते, हे विरजण लावणाऱ्याच्या हाती नसते. शेवाळाचा दगड आणला की त्याच्या मुळाशी किडे येतात, छिद्रांत कालवांची पिल्ले येतात, आणि नखाएवढा खेकडा येतो. खेकड्याचे बाळपण समुद्रावर तरंगण्यात जाते. अंड्यातून निघालेला जीव खेकड्यासारखा दिसतही नाही. डोक्यावर काटा असलेला तो एक पारदर्शक ठिपका असतो. अनेकदा कात टाकून तो तळाशी उतरतो, पहिले छिद्र दिसेल त्यात शिरतो, आणि तेथेच वाढतो. दगड उचलणाऱ्याला तो दिसत नाही, कारण दिसू नये हाच त्याचा आयुष्यभराचा धंदा असतो.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या टाक्यांत हे पाहुणे वरचेवर सापडत. काहींनी यजमानाला छळले, काहींनी ज्ञान दिले. शंखात राहणारा एक खेकडा आपल्या शंखावर एक समुद्रफूल वागवतो. वाढत्या अंगाला शंख अपुरा पडला म्हणजे खेकडा नव्या शंखात बिऱ्हाड हलवतो. पण मग त्या फुलाचे काय होते? १८५९ मध्ये गॉसने आपल्या काचेच्या टाकीत हे बिऱ्हाड हलताना पाहिले. खेकड्याने जुन्या शंखावरचे फूल नांगीने हलकेच सोडवले आणि नव्या शंखावर धरून बसवले. भाड्याची खोली बदलताना तुळशीची कुंडी आधी हलवणारी माणसे मी गिरगावात पाहिली आहेत. त्यांच्या जातीचाच तो म्हणायचा.

परंतु या शौकाची दुसरी बाजूही होती. पाच-सात वर्षांत हे वेड सगळ्या इंग्लंडात पसरले. दिवाणखान्यात पियानो तशी खिडकीत काचपेटी आली. विल्यम ॲल्फर्ड लॉईड नावाच्या गृहस्थाने लंडनमध्ये समुद्रजीवांचे दुकानच काढले. सुट्टीच्या दिवशी माणसांचे तांडे हातोडे, छिन्न्या आणि बरण्या घेऊन डेव्हनच्या किनाऱ्यावर उतरू लागले. ज्या डबक्यांत गॉसने आयुष्याचा आनंद पाहिला होता, ती डबकी त्याच्याच वाचकांनी ओरबाडून रिकामी केली. त्याचा मुलगा एडमंड पुढे नामवंत लेखक झाला. १९०७ मध्ये छापलेल्या आपल्या आत्मकथेत त्याने हे दुःख लिहून ठेवले आहे, आणि वडिलांच्या पुस्तकांनीच हा नाश ओढवला, याची बाप-लेकांना असलेली टोचणीही त्याने लपवलेली नाही. घरातल्या समुद्राचा इतिहास लिहिताना हे पान फाडून टाकता येत नाही.

१८७० च्या आत घरगुती काचपेट्यांचे वेड ओसरले. समुद्र पाहायचा तर तिकीट काढून मोठ्या मत्स्यालयात जावे, अशी रीत पडली. आपल्याकडे मद्रासला १९०९ मध्ये मत्स्यालय उघडले. मुंबईत मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाले. मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईला आलेल्या कोकणातल्या आणि देशावरच्या पोराबाळांना राणीचा बाग, म्हातारीचा बूट आणि तारापोरवाला ही तीन तीर्थे घडलीच पाहिजेत, असा दंडक कित्येक वर्षे होता. जुनी इमारत मोडकळीस आल्यामुळे अलीकडे ते बंद करावे लागले. पण त्या अंधाऱ्या वाटेवरचे उजळलेले काचेचे चौकोन ज्यांनी पाहिले, त्यांच्या डोळ्यांपुढून ते जाणार नाहीत.

घरातला समुद्र पुन्हा जिवंत झाला तो लंडनला नव्हे, जाकार्ताला. ली चिन एंग नावाच्या तेथील एका शौकिनाने १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात आपली रीत सांगितली. त्या काळी पाणी स्वच्छ ठेवण्यासाठी नाना यंत्रे आणि रसायने वापरीत, आणि तरीही पोवळे जगत नसे. लीने ते सगळे दूर सारले. समुद्राचे पाणी, वरून ऊन, हवेचे थोडे बुडबुडे, आणि समुद्रातून उचललेले जिवंत दगड, बस्स. दगड जिवंत कसा? दगड म्हणजे मेलेल्या पोवळ्यांचाच सच्छिद्र सांगाडा. त्याच्या पृष्ठभागावरचे जंतू माशांच्या मलमूत्राचे विष कमी विषारी क्षारांत बदलतात. आणि आतल्या, प्राणवायू न पोचणाऱ्या पोकळ्यांतले जंतू त्या क्षारांचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. म्हणजे दगड हाच झाडूवाला. पुढे बर्लिनच्या शौकिनांनी ही रीत उचलली, तिला प्रखर दिवे आणि पाण्यातला मळ फेसावाटे काढणाऱ्या यंत्राची जोड दिली, आणि १९८० नंतर युरोप-अमेरिकेत घराघरांत प्रवाळ वाढू लागले. दीत्रिश श्ट्युबर या बर्लिनच्या गृहस्थाच्या टाकीत वाढलेल्या एका फांदीचे तुकडे हातोहात देशोदेशी गेले. आपण मोगऱ्याचे कलम शेजारणीला देतो, तसे.

गॉसचा दगड मूठभर होता. आता टाकीत मण-मण दगड जाऊ लागले. त्यामुळे पाहुणेही वाढले. २००९ मध्ये इंग्लंडातल्याच कॉर्नवॉल परगण्यात, न्यूकी येथील ब्लू रीफ मत्स्यालयात पोवळी रातोरात कुरतडली जाऊ लागली, मासे जखमी होऊ लागले. सापळे लावले, तेही फुकट गेले. शेवटी सगळी आरास एकेक दगड करून उपसली, तेव्हा तळाशी सुमारे चार फूट लांबीचा समुद्री किडा निघाला! तो दगडातूनच आला असावा असा तर्क झाला. नोकरांनी त्याचे 'बॅरी' असे बारसे करून त्याला स्वतंत्र टाकी दिली. खेकडा त्या मानाने गरीब पाहुणा.

माझी भाची त्याच डेव्हन परगण्यात राहते. तिच्याकडे गेलो असताना गॉसचे तांबडे कडे आणि ॲना थिनचे टॉर्की मी पाहून आलो. ओहोटीच्या वेळी डबक्यांतून अजून समुद्रफुले उमलतात. निसर्ग माणसापेक्षा क्षमाशील आहे. भाचीच्या दिवाणखान्यात तिने तीन वर्षे जोपासलेली प्रवाळांची टाकी होती. तिने काही नवे दगड आणले, आणि महिन्याभरात रात्री टाकीतून टक्-टक् असा आवाज येऊ लागला. गोगलगायींचे शंख सकाळी रिकामे सापडू लागले. मग एका पोवळ्याची फुले कुरतडलेली दिसली. तिचा फोन आला, "मामा, माझ्या घरात चोर शिरलाय."

चोर पकडण्याची रीत या शौकिनांत आता शास्त्रासारखी ठरून गेली आहे. खेकड्याला तांबडा प्रकाश फारसा दिसत नाही. म्हणून विजेरीवर तांबडा कागद लावून मध्यरात्री पाहावे. भाचीने पाहिले: दगडाच्या भोकाशी केसाळ पाय, आणि काळ्या टोकांच्या जाड नांग्या. असे केसाळ पाय आणि काळी नांगी बहुधा शिकाऱ्याची खूण समजतात. ज्याच्या नांगीची टोके चमच्यासारखी बोथट, तो शेवाळ खरवडून खाणारा असतो. कॅरिबियन समुद्रातला हिरवा खेकडा तर बुडबुड्यांसारखे चिवट शेवाळ खातो म्हणून लोक पैसे देऊन आणतात. एकाच कुळीतला एक चोर, एक माळी! म्हणून आधी ओळख पटवावी, मग शिक्षा द्यावी, हा या शास्त्रातला पहिला नियम.

दुसरा नियम असा की, दगड फोडू नये. एक काचेचा पेला दगडाला टेकवून तिरका ठेवावा आणि तळाशी कोळंबीचा तुकडा टाकावा. खेकडा दगडावरून पेल्यात उतरतो, पण गुळगुळीत काचेवरून त्याला वर चढता येत नाही. दगड बाहेर काढता येण्यासारखा असेल, तर तो थोडा वेळ अधिक खाऱ्या पाण्यात धरावा. पाहुणा गुदमरून स्वतःच बाहेर पडतो. भाचीने पेला लावला. पहिल्या रात्री खेकडा आलाच नाही. दुसऱ्या रात्री त्याने कडेवर उभे राहून कोळंबी बाहेर ओढून नेली. तिसऱ्या रात्री तिने कोळंबी दोऱ्याने खड्याला बांधली, आणि खेकडा पेल्यात सापडला.

जावईबापू रत्नागिरीकडचे. त्यांनी सरळ सार करण्याचा सल्ला दिला. मी घाईघाईने अडवले. प्रवाळांच्या खडकात राहणाऱ्या या कुळीतले काही खेकडे जहरी असतात. अंगावर नक्षी असलेल्या झोसिमस नावाच्या खेकड्याने माणसांचे प्राण घेतल्याची नोंद आहे, आणि त्याचे विष शिजवून जात नाही. आपल्या खाडीतली चिंबोरी वेगळी आणि हा पाहुणा वेगळा.

भाचीला मात्र तो मरायलाच हवा होता. तिचा राग मला समजत होता. तीन वर्षे रोज पाण्याचा क्षार मोजून, दिव्यांच्या वेळा सांभाळून तिने ती फुले वाढवली होती, आणि हा उपटसुंभ ती रात्री बसून खात होता. "तो माझ्या घरात आलाय, मी त्याच्या घरात नाही गेले," ती म्हणाली. मी म्हणालो, "बाई, तू त्याच्याच घरात गेलीस. त्याचे घर उचलून तू आपल्या दिवाणखान्यात मांडलेस, आणि आता त्याला विचारतेस की तू येथे कसा?" ती बराच वेळ फोनवर गप्प होती. मग तिने काय केले? या टाक्यांच्या खाली पाणी गाळण्यासाठी एक दुसरी टाकी असते; कपाटात झाकलेली. खेकड्याची रवानगी तिने त्या तळघरात केली. वरून पडणारे उरलेसुरले खाऊन तो तेथे राहू लागला.

पुढे दोन महिन्यांनी तिला दुसरा पाहुणा दिसला. गुलाबी, फांद्या-फांद्यांच्या एका पोवळ्याच्या बेचक्यात अंगठ्याच्या नखाएवढा, तुकतुकीत, अंगावर तांबडे ठिपके असलेला खेकडा. ती आता सरावलेली. चिमटा घेऊनच बसली होती. मी तिला थांबवले, कारण ठिपक्यांचे वर्णन मी कोठे तरी वाचले होते. हा चोर नव्हे, हा पहारेकरी. प्रवाळाच्या फांद्यांत हे खेकडे जोडप्याने राहतात. पोवळ्याच्या अंगचा चिकट रस हे त्यांचे अन्न, आणि त्या मोबदल्यात ते घर राखतात. पोवळी खाणारा काटेरी मोठा तारामासा आला, की हे एवढेसे जीव त्याच्या पायांना चिमटे घेऊन त्याला हुसकून लावतात; पीटर ग्लिन या शास्त्रज्ञाने ते पॅसिफिक महासागराच्या पूर्व किनाऱ्याजवळ पाहून १९७६ मध्ये लिहिले. २००६ मध्ये तर त्याहून साधी गोष्ट प्रसिद्ध झाली. ताहितीजवळच्या मोऑरिया बेटापाशी संशोधकांनी काही पोवळ्यांतून हे खेकडे काढून टाकले, काहींत राहू दिले. खेकडे काढलेली पोवळी गाळाखाली दबून महिन्याभरात मोठ्या संख्येने मेली. खेकडे असलेली सगळी जगली. हे खेकडे रोज घर झाडतात! दारातल्या झाडूवाल्याला चोर समजून हाकलणारी माणसे आपण शहरांत पाहतोच.

याच कुळाच्या शेजारची एक जात तर आणखी चमत्कारिक. तिची मादी पोवळ्याच्या फांदीच्या टोकाशी बसते, आणि पोवळे तिच्याभोवती वाढत-वाढत तिला कायमचे कोंडून टाकते. पाणी जाईल एवढी फट राहते. बाकी आयुष्यभर तो एक जिवंत तुरुंग. १८५९ मध्ये, म्हणजे गॉसने शंखाचे बिऱ्हाड पाहिले त्याच वर्षी, विल्यम स्टिम्पसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने या खेकडीला नाव दिले. पाहुणा कोण आणि कैदी कोण, हे ठरवणे नेहमीच सोपे नसते.

येथे कोणी सहृदय वाचक विचारील, की नको असलेला खेकडा समुद्रात का सोडून देऊ नये? त्यात पुण्य नाही का? पुण्य तर नाहीच. पाप मात्र आहे. चीनमधला केसाळ पंजाचा खेकडा १९१२ मध्ये जर्मनीच्या एका नदीत सापडला. तो जहाजांच्या तळाशी भरलेल्या पाण्यातून आला असावा असे मानतात. १९३५ मध्ये तो लंडनच्या थेम्स नदीत पोचला, आणि आज तो नदीकाठ पोखरतो आहे. वनस्पतींचेही तेच. मत्स्यालयात शोभेसाठी ठेवलेले एक हिरवेगार समुद्रशेवाळ १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात जेमतेम एक चौरस मीटर जागेत उगवलेले आढळले. पुढच्या काही वर्षांत ते भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर मैलोगणती पसरले. 'चंचुप्रवेशे मुसलप्रवेशः' म्हणतात ते हेच. म्हणून तिसरा नियम: एकदा घरात घेतलेला जीव घरातच सांभाळावा. त्याच्या मूळ समुद्राखेरीज दुसरा कोणताही समुद्र त्याचे माहेर नसतो.

आणि मूळ समुद्राचे काय? टाक्यांसाठी दगड उपसण्याने फ्लोरिडाचा समुद्रतळ इतका उघडा पडू लागला, की आधी तेथील राज्याने आणि १९९७ पासून केंद्र सरकारने तो उपसा बंद केला. तेव्हापासून तेथे साधे दगड समुद्रात नेऊन ठेवतात, वर्ष-दोन वर्षे त्यांवर जीव रुजू देतात, आणि मगच विकतात. म्हणजे दगडांची शेती. डेव्हनच्या डबक्यांतून शिकायचा धडा शिकायला सुमारे दीडशे वर्षे लागली. आपल्या देशात प्रवाळाला २००१ पासून वाघाइतके कायद्याचे संरक्षण आहे. पूर्वी शंख-शिंपल्यांच्या दुकानांत पांढऱ्या प्रवाळाचे तुकडे मिळत आणि यात्रेची आठवण म्हणून काचेच्या कपाटात बसत. आज तो गुन्हा आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहे, आणि तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. ज्यांना आपल्या किनाऱ्यावर हे वैभव पाहायचे असेल त्यांनी मालवणला जावे, पाण्यात डोके घालून पाहावे, आणि रिकाम्या हाताने परत यावे. तेथे खेकडा आपल्या घरात आहे आणि पाहुणे आपण आहोत.

भाचीच्या टाकीत आता वर ठिपक्यांचा पहारेकरी झाडलोट करतो आहे. ज्याच्यासाठी चिमटा उचलला होता, त्याचे कौतुक ती आता पाहुण्यांना बोलावून दाखवते. कपाटातला केसाळ कैदीही तिने टिकवला, एवढेच नव्हे तर आठवड्यातून एकदा त्याला कोळंबीचा तुकडा देते, का, असे मी विचारले तर म्हणते, "तो कपाटाचे दार उघडल्याचे ओळखतो." गेल्या दिवाळीत तिचा सकाळीच फोन आला. आवाज रडवेला. कैदी उलथा-पालथा होऊन निश्चल पडला होता. मी तिला नीट पाहायला सांगितले. पाठीमागे आडवी चीर होती, आणि आत काही नव्हते. ते प्रेत नव्हतेच. ती त्याची कात होती. खरा खेकडा दगडाच्या सांदीत मऊ अंगाने, नवे कवच टणक होण्याची वाट पाहत बसला होता. सणासुदीला त्यानेही नवा अंगरखा शिवला होता म्हणायचा. जुन्यापेक्षा एक माप मोठा.